३४ आणि ५८, दोन्ही एकाच मुलीचे

पत्र : माझी मुलगी यंदा दहावी पास झाली. सेमी नाही, पूर्ण मराठी माध्यम. गणितात ७८ मार्क. तिला अकरावीला सायन्स घेऊन पुढे बी.एस्सी. ॲग्री करायचंय. एप्रिलमध्ये शहरातल्या एका केंद्रात तिची ॲप्टिट्यूड टेस्ट केली. पेपर इंग्रजीत होता. संख्यात्मक क्षमता ३४ पर्सेंटाइल आली आणि खाली लिहून दिलं, ‘सायन्स टाळावे’. जूनमध्ये दुसरीकडे टेस्ट केली, तिथे ५८ आले. आता क्लासचे सर म्हणतात, बोटांच्या ठशांची टेस्ट करा, पाच हजार रुपये लागतील, पण तिचा निकाल कधी बदलत नाही. आम्ही खरं काय मानायचं? घरी दुधाच्या बिलाचा हिशेब हीच बघते, मागे फॅटचा दर चुकीचा लावलेला तिनेच पकडला होता. पण पहिला रिपोर्ट आल्यापासून वहीला हात लावत नाही.
– एक आई, सांगोला तालुका

ताई, नमस्कार.

पहिल्या रिपोर्टवरून सायन्स सोडू नका. हे वाक्य आज रात्री जेवताना तिला वाचून दाखवा. कारण सांगते.

दोन आकडे वेगळे आले म्हणजे एक खरा आणि एक खोटा, असं तुम्हाला वाटतंय. तसं नसतं. त्याच मुलीने तीच टेस्ट महिन्याने पुन्हा दिली तरी गुण थोडे हलतात. झोप झालेली नसते, एखादा प्रश्न घाईत वाचला जातो, दोन अंदाज लागतात, दोन हुकतात. टेस्ट किती स्थिर आहे हे सांगणाऱ्या आकड्याला विश्वसनीयता म्हणतात. ती ० ते १ मध्ये मोजतात. एखाद्या बऱ्या टेस्टची विश्वसनीयता ०.८४ आहे असं धरा. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात तो आकडा) १५ अशा मापावर तिच्यात सुमारे ६ गुणांची चूक गृहीतच असते. म्हणजे जिला १०० पडले, तिची खरी पातळी ९४ ते १०६ मध्ये कुठेतरी असेल असं म्हणायचं, आणि तेही तीनात दोन वेळाच बरोबर ठरतं. आता पर्सेंटाइलमध्ये बघा, म्हणजे शंभर मुलांत ती साधारण कितीजणांच्या पुढे आहे ते. ९४ म्हणजे साधारण ३४ आणि १०६ म्हणजे ६६. तुमचे दोन्ही आकडे या एकाच पट्ट्यात बसतात! मध्यावर मुलांची दाटी असते, त्यामुळे दोन-चार प्रश्न इकडे-तिकडे झाले की पर्सेंटाइल धाडकन वर-खाली होतो. तुम्ही तर टेस्टही दोन वेगळ्या दिल्या, म्हणजे फरक पडायला आणखी जागा.

रिपोर्टवर ३४ हा आकडा ठळक छापायचा आणि त्याचा पट्टा छापायचाच नाही, हे मला मान्य नाही. आणि एवढ्या एका आकड्यावर सोळा वर्षांच्या मुलीला ‘टाळावे’ असं लिहून देणं तर अजिबात मान्य नाही.

पण तुमच्या पत्रातली मला जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. पेपर इंग्रजीत होता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळं तिथेच आहे. तुमची लेक लसावि, मसावि, शेकडा, सरळव्याज, छापील किंमत या शब्दांत गणित शिकली. तेच गणित इंग्रजी शब्दांत, मिनिटाला एक या वेगाने समोर आलं, तर मोजलं काय गेलं? गणित की इंग्रजी?

माझ्या हातून ही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत मराठी शाळेतला एक मुलगा आला होता. माझ्याकडे तेव्हा इंग्रजीच पुस्तिका होती, मी तीच दिली. संख्यात्मक भागात तो फार मागे पडला आणि मी त्याच्या वडिलांना तसं सांगितलंही. ते उठता उठता पोरगा दबकत म्हणाला, ‘मॅडम, सिस्टर्न म्हणजे काय?’ मी पुस्तिका उघडली आणि तोच प्रश्न मराठीत वाचला. एक नळ टाकी ४ तासांत भरतो, दुसरा १२ तासांत. दोन्ही सोडले तर... माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, ‘तीन तास.’ आम्ही पुन्हा बसलो. त्या दिवसापासून पुस्तिका देण्याआधी मी मुलाची शाळा कुठल्या माध्यमाची ते विचारते, आणि योग्य भाषेतली टेस्ट नसेल तर घेत नाही.

नुसतं भाषांतर करूनही भागत नाही. भाषा बदलली की सोपा प्रश्न अवघड होतो, अवघड सोपा होतो. म्हणून ज्या मुलांशी तुलना करायची, ती मुलंही त्याच भाषेतली, तशाच शाळांतली लागतात. आपल्याकडे ही जाणीव फार जुनी आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी पॅरिसच्या बिने यांची बुद्धिमापन चाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली, ती अशीच इथल्या मुलांवर तपासून. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये आलं. आता त्या चाचणीची मानकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून बघायचे ते आकडे, जुनी झाली आहेत, ही वेगळी अडचण. पण जे त्यांना तेव्हा कळलं होतं, ते आजच्या केंद्राने विसरावं याचं वाईट वाटतं.

बोटांच्या ठशांचं थोडक्यात सांगते. करू नका. ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत, म्हणून रिपोर्टही बदलत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या दूध संकलन केंद्रावरचा काटा रोज न चुकता १०० ग्रॅम कमी दाखवत असेल, तर रोज तेच दाखवतो म्हणून तुम्ही त्याला बरोबर म्हणाल का? ठशांवरून कल किंवा बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनेही सांगितलंय. ते पाच हजार अकरावीच्या पुस्तकांना ठेवा.

फॅटचा दर पकडला, त्याला मी पर्सेंटाइल देऊ शकत नाही, आणि तेवढ्यावर ‘ॲग्री जमेलच’ असंही म्हणणार नाही. पण फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), लिटर आणि दर असा चार आकड्यांचा हिशेब ती कुणी न सांगता तपासते. शिवाय बोर्डाचे ७८ आहेत. आठवी, नववीची गणिताची गुणपत्रकंही काढा. तीन वर्षं एकाच दिशेने बोलत असतील, तर दीड तासाच्या टेस्टपेक्षा मी त्यांचं जास्त ऐकेन.

तिच्यापुढचा खरा डोंगर अकरावी सायन्सच्या इंग्रजीचा आहे, आणि तो गणिताच्या कमतरतेपेक्षा बराच चढता येण्यासारखा आहे. बालभारतीचं दहावीचं विज्ञानाचं आणि गणिताचं पुस्तक इंग्रजी माध्यमाचंही घ्या. मजकूर तोच असतो. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी ठेवून रोज चार पानं वाचू द्या, शब्द वहीत उतरवू द्या. धडा आधीच येत असल्यामुळे शब्द पटकन बसतात. त्या निमित्ताने वही तरी हातात येईल.

प्रवेशाच्या फॉर्मवर सायन्स भरा. आणि पहिल्या केंद्राला फोन करून दोन गोष्टी विचारा : ही मानकं कुठल्या भाषेतल्या मुलांवर आणि कुठल्या साली काढली, आणि संख्यात्मक भागात हिचे किती प्रश्न चुकले व किती कोरे राहिले. कोरे जास्त असतील तर ती पोचलीच नव्हती, आणि न पोचलेल्या प्रश्नांवरून तिला गणित येत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. तो आकडा मला कळवा.