वाचकांचे प्रश्न : बॅकलिंकचे थर आणि गुगलची क्रमवारी

या वेळी आलेल्या पत्रांतील बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती होती. वेबसाइट गुगलवर वर आणण्यासाठी थराथरांनी बॅकलिंक (इतर साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) लावून देण्याची, म्हणजे ‘टियर लिंक बिल्डिंग’ची पॅकेजेस सध्या सर्रास विकली जात आहेत. त्यामुळे हे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : दापोली तालुक्यात समुद्राजवळ आमचे होमस्टे आहे. ‘दापोली होमस्टे’ असे शोधले असता आमची वेबसाइट तिसऱ्या पानावर दिसते. एका एजन्सीने पहिल्या थरात २०, दुसऱ्या थरात २०० आणि तिसऱ्या थरात २,००० लिंक देण्याचे कोटेशन पाठवले आहे. जितके थर जास्त तितके वर पोहोचता येते, असे त्यांच्या प्रतिनिधीने दहीहंडीचे उदाहरण देऊन सांगितले. या कामावर पैसे घालावेत का?

उत्तर : घालू नयेत. ज्या पानांवरून थेट आपल्या वेबसाइटकडे लिंक येते तो पहिला थर. त्या पानांचे वजन, म्हणजे गुगलच्या लेखी असलेले महत्त्व, वाढावे म्हणून इतर पानांवरून त्यांच्याकडे दिलेल्या लिंक हा दुसरा थर, आणि दुसऱ्याला टेकू देणाऱ्या लिंक हा तिसरा. पहिल्या थरात बहुधा गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवर पाहुणे म्हणून दिलेले लेख, असतात. दुसऱ्यात फुकट ब्लॉग-सेवांवर उघडलेली खाती आणि एकाच लेखाच्या शब्द फिरवून केलेल्या आवृत्त्या असतात. तिसऱ्यात सॉफ्टवेअरने टाकलेल्या कॉमेंट, बुकमार्किंगच्या साइट आणि कोणीही कधी न उघडणारी प्रोफाइल पाने येतात. आपल्या कोटेशनचा अर्थ असा, की वरच्या प्रत्येक पानामागे खालची दहा पाने उभी केली जाणार आहेत.

दहीहंडीचे उदाहरण एजन्सीच्याच अंगाशी येणारे आहे. गोविंदा पथकात सर्वांत दणकट गडी सर्वांत खाली उभे राहतात, आणि येथे मात्र सर्वांत खालचा थर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमकुवत असतो. तिसऱ्या थरातील बरीच पाने गुगल आपल्या नोंदीत घेतच नाही, आणि जे पान नोंदीत नाही त्याच्या लिंकचा उपयोग शून्य असतो. तरीही महिनाअखेरीच्या एक्सेल अहवालात त्या ओळी मोजल्या जातात आणि अहवाल भरगच्च दिसतो. पहिल्या थरातील २० पानांचे पत्ते आगाऊ मागून पाहा. जी एजन्सी ते द्यायला तयार होत नाही, तिच्याशी पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

आपल्या शोधशब्दासाठी नकाशासह जी यादी वर दिसते, ती गुगल बिझनेस प्रोफाइलवरून, म्हणजे व्यवसायाने गुगलवर केलेल्या नोंदीवरून, तयार होते. तिच्या क्रमवारीसाठी गुगल तीन बाबी सांगते : शोधाशी जुळणारी माहिती, अंतर आणि प्रसिद्धी. खरे फोटो, अचूक पत्ता आणि राहून गेलेल्या पाहुण्यांचे अभिप्राय यांचा उपयोग येथे होतो. त्यापलीकडे एक चांगले पान तयार करावे. आंजर्ले येथे आणि शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात. ती साधारण कधी सोडतात, पहाटे किती वाजता किनाऱ्यावर असावे लागते, खेड स्थानकावरून कोणती एसटी मिळते, मोबाइलचा दिवा का लावू नये, ही माहिती स्थानिक माणूस जितकी नेमकी लिहील तितकी मुंबईतला लेखनिक लिहू शकणार नाही. निसर्गप्रेमींचे गट आणि भटकंती करणारे लोक अशा पानाला आपण होऊन लिंक देतात.

प्रश्न : मी पुण्यात संगणकशास्त्र शिकतो. पेजरँक या, लिंकवरून पानांना गुण देण्याच्या गुगलच्या पद्धतीच्या मूळ सूत्राप्रमाणे लिंकचे वजन एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते. मग थर लावून फायदा होत नाही, हे म्हणणे गणिताच्या विरोधात जात नाही का?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे, म्हणून गणितच करून पाहू. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना, १९९८ च्या निबंधात मांडलेल्या सूत्रानुसार प्रत्येक पानाला काही किमान गुण असतात आणि बाकीचे गुण त्याला लिंक देणाऱ्या पानांकडून मिळतात. लिंक देणारे पान आपल्या गुणांना ०.८५ ने गुणून येणारी रक्कम पुढे पाठवते, परंतु ती स्वतःवरील सर्व लिंकमध्ये सारखी वाटून. ज्या पानाकडे कोणाचीच लिंक नाही, त्याचे गुण ०.१५ राहतात.

दापोलीच्या पत्रातील पॅकेज घेऊ आणि प्रत्येक पानावर बाहेर जाणाऱ्या ५० लिंक आहेत असे धरू. कॉमेंटची आणि बुकमार्किंगची पाने याहून गजबजलेली असतात, तेव्हा हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. तिसऱ्या थरातील एक पान दुसऱ्या थराला ०.००२५५ गुण देते, आणि अशी दहा पाने मिळून दुसऱ्या थरातील पानाचे गुण ०.१५ वरून ०.१७५५ वर नेतात. त्याच रीतीने पहिल्या थरातील पान ०.१७९८ वर पोहोचते. अशा २० पानांकडून मूळ वेबसाइटला मिळणारे एकूण गुण होतात ०.०६१. खालचे २,२०० दुवे लावलेच नसते, तरी पहिल्या थराच्या २० पानांनी ०.०५१ गुण दिलेच असते. म्हणजे २,२०० लिंकची कमाई सुमारे ०.०१ एवढीच. याउलट ज्याचे स्वतःचे गुण ४ आहेत अशा एकाच चांगल्या पानावर, त्यावरही ५० लिंक असताना, आपली लिंक आली तर ०.०६८ गुण मिळतात.

आता विक्रेते दाखवतात ते दुसरे गणित पाहू, कारण तेही खोटे नाही. प्रत्येक पानावर ५० ऐवजी एकच लिंक ठेवली, तर गुण वाटले जात नाहीत. दुसऱ्या थरातील पान १.४२५ वर जाते, पहिल्या थरातील पान १२.२६ वर, आणि मूळ वेबसाइटला २०८ हून अधिक गुण मिळतात. केवळ कागदावर पाहिले तर हा चमत्कारच आहे, आणि आरंभीच्या काळात अशा रचना चालत होत्या त्या याच कारणाने. ज्या पानाकडे बाहेरचे कोणी येत नाही आणि ज्यावरून बाहेर जाणारी एकच वाट आहे, अशा हजारो पानांची रचना लिंकच्या नकाशात लगेच उठून दिसते. शोधयंत्रांच्या अभ्यासकांना ती फार पूर्वीच दिसली होती. २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहू येथील संशोधकांनी ‘ट्रस्टरँक’ ही कल्पना मांडली. तिच्यात माणसांनी तपासलेल्या मोजक्या विश्वासार्ह साइटपासून सुरुवात करून लिंकच्या मागाने पुढे जायचे आणि अंतर वाढेल तसा विश्वास कमी धरायचा असतो. किमान गुण सर्वांना फुकट मिळत असतील तर पाने वाढवून गुण वाढवता येतात. विश्वास मात्र फुकट मिळत नाही, आणि शून्याला दहाने गुणले तरी शून्यच राहते.

गुगलच्या २०१० मध्ये मंजूर झालेल्या एका पेटंटमध्ये तर सर्व लिंकना सारखे वजन देण्याचा पायाच बदलला आहे. त्यात वाचक ज्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त, तिला अधिक वजन देण्याची पद्धत वर्णिलेली आहे. कोणी न उघडणाऱ्या पानाच्या तळाशी असलेल्या लिंकचे काय होत असेल, ते आपणच ताडू शकता. तेव्हा गणिताच्या विरोधात काही नाही. वजन पुढे जाते, परंतु जायला ते मुळात असावे लागते, आणि पॅकेजमध्ये विकला जाणारा खालचा थर नेमका त्याच बाबतीत रिकामा असतो.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरमधील एका एजन्सीत काम करते. गुगलकडून दंड झालाच तर तो पहिल्या थराला होतो आणि ग्राहकाची मूळ वेबसाइट सुरक्षित राहते, असे आम्हाला शिकवले जाते. हे बरोबर आहे का?

उत्तर : हा समज ‘पेंग्विन’च्या काळातला आहे. गुगलने २४ एप्रिल २०१२ रोजी पेंग्विन नावाचा बदल लागू केला, तेव्हा कृत्रिम लिंक असलेल्या वेबसाइट क्रमवारीत खाली ढकलल्या गेल्या. कचरा-लिंक थेट ग्राहकाकडे न देता मधल्या पानाकडे द्यायची, म्हणजे झळ ग्राहकाला लागणार नाही, हा युक्तिवाद त्या भीतीमुळे बळावला. सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विन क्रमवारी ठरवणाऱ्या मुख्य अल्गोरिदमचा कायमचा भाग झाला आणि तेव्हापासून त्याचा भर साइटला खाली ढकलण्यापेक्षा कृत्रिम लिंकचे वजनच काढून घेण्यावर आहे. याचा थरांवर होणारा परिणाम सोपा आहे. पहिल्या थरातील पानाचे वजन काढले, की त्याच्याखाली रचलेले सर्व काही एका फटक्यात निकामी होते, आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात तशी सूचना येत नाही. डिसेंबर २०२२ च्या बदलात गुगलने ‘स्पॅमब्रेन’ ही यंत्रणा लिंक विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या साइट ओळखण्यासाठी वापरली. निष्प्रभ झालेल्या लिंकमुळे मिळालेला लाभ परत मिळत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट केले होते.

शिवाय गुगलच्या माणसांनी स्वतः तपासून केलेली कारवाई आजही होते आणि ती मूळ वेबसाइटवरच होते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण या व्यवसायातील प्रत्येकाने वाचावे. कॅसिनो, बल्गेरियातील मालमत्ता अशा कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या साइटवर तिच्याकडे जाणाऱ्या लिंक पेरलेल्या होत्या, आणि २०१० च्या नाताळ हंगामात ती कपडे, गालिचे, पलंगपोस अशा कित्येक शब्दांसाठी पहिल्या क्रमांकावर होती. न्यूयॉर्क टाइम्सने ही बाब गुगलच्या कानावर घातली. ९ फेब्रुवारी २०११ च्या संध्याकाळी सात वाजता ‘सॅमसोनाइट कॅरी-ऑन लगेज’ या शब्दांसाठी ही कंपनी पहिली होती आणि दोन तासांनी ७१ वी. लिंक आपण लावायला सांगितल्या नव्हत्या, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार एजन्सीला काढून टाकले. क्रमांक मात्र कंपनीचा गेला. आपल्या ग्राहकाला हे कोटेशनसोबतच लेखी सांगितले जाते का, एवढे वरिष्ठांना विचारून पाहावे.

प्रश्न : आमचा कोल्हापुरी चपलांचा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी अशाच लिंक घेतल्या. काही महिने बरे गेले, मग आम्ही पुन्हा होतो तिथेच आलो. आता त्या सर्व लिंक नाकारून टाकाव्यात का?

उत्तर : आधी सर्च कन्सोलमधील ‘मॅन्युअल अ‍ॅक्शन्स’ हा विभाग, म्हणजे गुगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची नोंद, उघडून पाहा. तेथे काहीच नसेल, तर बहुधा त्या लिंकचे वजन काढून घेतले गेले आहे आणि आपण मूळच्या जागी परतला आहात. अशा स्थितीत २०१२ पासून उपलब्ध असलेले, लिंक नाकारण्याचे ‘डिसअव्हाउ’ साधन वापरू नये. ते बहुतेक साइटना लागत नाही, असे गुगल स्वतःच सांगते, आणि घाईत चांगली डोमेनही यादीत गेली तर उरलेसुरले वजनही जाईल. कारवाईची नोंद दिसली तर क्रम वेगळा. काढता येतील त्या लिंक एजन्सीकडून काढून घ्याव्यात, उरलेल्यांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये सादर करावी आणि मग पुनर्विचाराचा अर्ज करावा. त्या अर्जात काय विकत घेतले होते ते स्पष्ट लिहावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरामागे मात्र लागू नये. त्या लिंक आपल्या साइटकडे येतच नसल्याने आपल्या यादीत त्यांना जागा नाही.

प्रश्न : फोंडा येथील आमच्या मसाल्याच्या बागेवर एका दैनिकाच्या वेबसाइटवर लेख आला असून त्यात आमची लिंक आहे. त्या लेखाची लिंक आम्ही आमच्या साइटवर आणि फेसबुकवर दिली, तर तेही थर लावणेच होईल का? फेसबुकची लिंक ‘नोफॉलो’ असते, मग तिचा काही उपयोग होतो का?

उत्तर : रचनेच्या दृष्टीने तो दुसरा थरच आहे, परंतु त्यात वावगे काहीही नाही. लेख खरा आहे, वाचक खरे आहेत आणि आपण त्यांना लेखाची वाट दाखवत आहात. थरांची हीच एक पद्धत मी सुचवीन : आधी कोणीतरी आपल्याविषयी आपण होऊन लिहावे असे काम करावे, आणि मग ते लिहिलेले अधिक लोकांपर्यंत पोहोचवावे. बागेला भेट देणाऱ्या सहल-आयोजकांनी आपल्या पानावर त्या लेखाचा उल्लेख केला, तर तेही उत्तमच.

या लिंकला वजन देऊ नका, असे शोधयंत्राला सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण जानेवारी २००५ मध्ये कॉमेंटमधील स्पॅम रोखण्यासाठी आली. सप्टेंबर २०१९ मध्ये गुगलने तिच्या जोडीला पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी ‘यूजीसी’ या खुणा आणल्या, आणि तेव्हापासून नोफॉलोकडे ते आदेश म्हणून नव्हे, तर सूचना म्हणून पाहतात. फेसबुकवरील लिंककडून क्रमवारीची अपेक्षा ठेवू नये. तिच्यामुळे वाचक येतात, तेवढा उपयोग पुरेसा आहे.

एक बाब मात्र तपासून घ्यावी. लेख बातमीदाराने स्वतःहून लिहिला असेल, तर प्रश्नच नाही. तो जाहिरात विभागामार्फत पैसे भरून आला असेल, तर त्यातील लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ खूण असणे गुगलच्या नियमांनुसार आवश्यक आहे. इंग्लंडमधील इंटरफ्लोरा या फुलविक्रेत्या कंपनीने प्रादेशिक वृत्तपत्रांत असे पैसे देऊन छापलेले लेख आणले होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती आपल्या स्वतःच्या नावाच्या शोधातूनही नाहीशी झाली, सुमारे ११ दिवसांनी परतली, आणि लेख छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या साइटचे गुणही घटले. त्यामुळे दैनिकाच्या वेब विभागाला विचारून ती खूण आहे का, ते पाहून घ्यावे आणि नसल्यास ई-मेल पाठवून लावून घ्यावी. हे काम त्यांच्याही हिताचे असल्याने बहुधा कोणी हरकत घेत नाही.