तेरा वर्षांच्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन शांत करायचं का, हे ठरवायचं कसं आणि नंतर सावरायचं कसं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: अमळनेरला घर, तेरा वर्षांचा लॅब्रॅडोर टायगर, मागचे पाय उचलत नाही, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) 6.2 आलंय, दोन दिवसांपासून भाकरीला तोंड लावत नाही. डॉक्टर म्हणाले इंजेक्शन देऊन शांत करू, म्हणजे त्रास न होता मरण देऊ, आई म्हणते पाप लागेल. मी पशुवैद्यक आहे, कुत्र्या-मांजरांचं काम जास्त करतो. त्यामुळे धीर देण्याआधी काय तपासायचं आणि काय करायचं ते सांगतो. पुढचे कित्येक महिने माणसाला छळतो तो अर्धवट माहितीवर, रात्री अकराला, कुत्रा तडफडत असताना घेतलेला निर्णय. पाया पक्का असेल तर दुःख होतं, पण ते पेलता येतं.

पहिली गोष्ट म्हणजे मे महिन्यातल्या एका रिपोर्टवर ठरवू नका. आपल्याकडे पारा 44-45 वर असतो, म्हातारं कुत्रं उठून पाण्यापर्यंत जात नाही, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीत होती त्यापेक्षा जास्त खराबी रिपोर्टमध्ये दिसते. निरोगी कुत्र्याचं क्रिएटिनिन साधारण 0.5 ते 1.5 असतं. 5 च्या वर गेलं की किडनीच्या जुन्या आजाराची चौथी, म्हणजे शेवटची पायरी धरतात. पण ती पायरी ठरवायची ती अंगात पाणी भरल्यावर. दोन-तीन दिवस सलाईन लावून पुन्हा रक्त तपासा. 6.2 चं 3 वर आलं तर टायगरकडे अजून वेळ आहे. सलाईन लावूनही तिथेच राहिलं किंवा वाढलं, लघवी कमी झाली, उलट्या सुरूच राहिल्या, तर डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे.

मागच्या पायांचंही तसंच. गोचिडतापाने रक्त आणि प्लेटलेट्स उतरतात, कुत्रं मागे लडखडतं, आणि घरचे ‘आता वय झालं’ म्हणून सोडून देतात. त्यातल्या एर्लिकिया नावाच्या जंतूवर डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध चालतं. म्हणून प्लेटलेट्स आणि रक्ताची स्लाइड बघायला सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या जंतूंच्या आजारातही किडनी बिघडते, तो लघवीतून माणसांनाही होतो. तेव्हा निदान होईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालून पुसा. मान अचानक एका बाजूला कलली, डोळे भिरभिरतायत, कुत्रं गोल फिरून पडतंय, असं कुणाकडे झालं तर तो बहुतेक वेळा लकवा नसतो. कानाच्या आतला तोल बिघडलेला असतो आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत तो दोन-तीन दिवसांत उतरू लागतो, एक-दोन आठवड्यांत बराच सावरतो. अशा कुत्र्यांना पहिल्याच दिवशी शांत केलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्याला आधी गोणपाट अंथरून बघा. काही जण त्यावर चक्क उभे राहतात.

दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. कुत्र्याचं लिव्हर, पोट आणि उरलीसुरली किडनी त्यानेच जाते.

तपासण्या झाल्या की घरी मोजमाप सुरू करा. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी एक गुणपत्रक केलंय, ते जगभर वापरतात. सात विषय, प्रत्येकाला 0 ते 10 गुण (10 म्हणजे उत्तम, वेदनेतही): वेदना (यात श्वासाचा त्रासही आला), भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. 70 पैकी 35 च्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही, खाली गेलं तर बोलायची वेळ आली. घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता गुण द्यावेत. त्याला रोज भरवणारा आणि फक्त संध्याकाळी भेटणारा यांचे आकडे फार वेगळे येतात, आणि घरातलं भांडण बऱ्याचदा त्या फरकाचंच असतं.

श्वास पहाटे मोजा, कूलर चालू असताना, तो गाढ झोपला असेल तेव्हा. दुपारी धापा टाकतो ते धरू नका. छाती एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. झोपेत मिनिटाला 30 च्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना कळवा. ओठ उचलून हिरडी अंगठ्याने दाबा, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरडी पांढरी, राखाडी किंवा निळसर दिसली तर थांबू नका. तोंडाला लघवीसारखा उग्र वास आणि जिभेच्या कडेला फोड दिसले तर ते किडनीचं विष अंगात भिनल्याचं लक्षण. भाकरी न खाण्याचं कारणही तेच असतं: भूक असते, पण चावताना आग होते आणि मळमळतं. उलटी थांबवायचं औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत तो खातो का, हे बघितल्याशिवाय ‘त्याने अन्न सोडलं’ असं म्हणू नका.

पडून राहणाऱ्या कुत्र्याला दर चार तासांनी कूस बदलून द्या. नाहीतर कोपर आणि मांडीच्या हाडावर जखमा होतात, माश्या बसतात आणि एका दिवसात अळ्या पडतात. मला विचाराल तर वारंवार अळ्या पडणं ही थांबायची अगदी स्पष्ट खूण आहे.

रोज रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात बरा की वाईट एवढी खूण करा. टायगरला टायगर करणाऱ्या तीन गोष्टीही लिहून ठेवा. गाडीचा आवाज आला की फाटकाशी जाणं, ओट्यावर बसून रस्ता बघणं, शेवटची कळणाची भाकरी मागणं, अशा. तिन्हींतल्या दोन कायमच्या गेल्या आणि सलग तीन-चार खुणा वाईट आल्या, तर तारीख ठरवा. ती ‘बघू’ वर ठेवू नका.

तारखेबद्दल माझं मत ठाम आहे: चार दिवस उशिरा जाण्यापेक्षा चार दिवस आधी जाणं बरं. ‘त्याचं तो शांतपणे जाईल’ अशी आशा सगळ्यांनाच असते, पण निकामी किडनीचं मरण क्वचितच शांत असतं. उलट्या, झटके, कण्हणं, आणि हे दोन-तीन दिवसही चालू शकतं. शिवाय तालुक्याच्या गावात रात्री कुत्र्याचे डॉक्टर सहसा मिळत नाहीत, लसीकरणाच्या मोहिमेत सरकारी डॉक्टर खेड्यांवर असतात, पोळ्या-दिवाळीला दवाखाने बंद. सकाळची वेळ घ्या, ऊन चढायच्या आत.

हे काम पदवीधर, नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच आहे; इंजेक्शनं देणाऱ्या कुणाकडूनही करून घेऊ नका. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा जळगाव-धुळ्याच्या खासगी दवाखान्यात आधी फोन करून विचारा, घरी येतील का, खर्च किती. आणि एक प्रश्न न लाजता विचाराच: ‘डॉक्टरसाहेब, आधी भूल देणार ना, आणि नंतर कोणतं औषध?’ योग्य पद्धत अशी की आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून पेंटोबार्बिटल किंवा थायोपेंटोन या भुलीच्या औषधाचा मोठा डोस. कुणी पोटॅशियम क्लोराइड किंवा मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) वापरणार असतील तर ते गाढ भूल चढल्यानंतरच चालतं. जाग्या कुत्र्याला ते देणं म्हणजे तो जिवंतपणी सगळं भोगणार. ‘थेट एकच इंजेक्शन, मिनिटात काम’ असं कुणी म्हणालं तर टायगरला घेऊन परत या. स्ट्रिकनीनसारख्या विषाने किंवा क्रूरपणे प्राणी मारणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ‘लांब शेतात सोडून या’ असा सल्लाही कुणी ना कुणी देतं. उपाशी-तहानेला मरेल असं सोडणं त्याच कायद्यात बसतं.

त्या दिवशी काय होतं ते आधी माहीत असलं की धक्का कमी बसतो. सकाळी पोटभर खाऊ घालू नका, गुंगीच्या काही औषधांनी उलटी होते. आवडीचा घासभर चालेल. खाली जुनी चादर आणि तिच्याखाली प्लास्टिक अंथरा. तीस किलोचं कुत्रं काखेत हात घालून उचलू नका. चादरीचे चार कोपरे दोघांनी धरून न्या. गुंगी मांडीत देतात, ती चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बोलायचं, गोंजारायचं ते या वेळात, कारण नंतर त्याला कळणार नाही. मग पुढच्या पायावरचे केस काढून सलाईनची सुई बसवतात. शरीर सुकलेलं असलं की शीर सापडत नाही, दोन-तीनदा टोचावं लागतं, कधी मागच्या पायाला जावं लागतं. हा डॉक्टरांचा हलगर्जीपणा नव्हे. साध्या सलाईनने शीर नीट आहे का बघूनच औषध सोडतात, कारण थायोपेंटोन शिरेबाहेर गेलं तर फार आग करतं. औषध गेल्यावर श्वास मिनिट-दोन मिनिटांत थांबतो, हृदय त्यानंतर. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून काही मिनिटं ऐकतात, डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करून बघतात.

आता ज्याने लोक घाबरतात ते. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी होते. काही मिनिटांनी अंगाची थरथर होते, एखादा मोठा उसासा येतो. तो श्वास नव्हे, स्नायूंची शेवटची हालचाल आहे; तोवर मेंदू केव्हाच थांबलेला असतो. हे आधी न सांगितल्यामुळे ‘तो जिवंत होता आणि आपण पुरलं’ ही शंका माणसं वर्षानुवर्षं बाळगतात.

खड्डा आदल्या दिवशीच खणून ठेवा. मे महिन्यात काळी जमीन कुदळीला दाद देत नाही. खोली किमान चार फूट हवी. काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वास वर येतो आणि भटकी कुत्री उकरतात, म्हणून मुरमाड जागा मिळाली तर उत्तम. विहीर, बोअर, बोरी नदीचा काठ यांच्यापासून लांब. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको. मीठ टाकायची पद्धत आहे, टाका. पण राखण करते ती खोली. वरून दगड आणि बाभळीच्या काट्या. हे जपणं यासाठीही की ते औषध शरीरात राहतं, आणि उकरून खाणारं कुत्रं, कावळा, गिधाड त्यानेच दगावतं. शेत नसेल तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला आधीच विचारून ठेवा. नाल्यात किंवा नदीत टाकणं हा पर्याय नाही.

मनाचं आता. पहिल्या आठवड्यात ‘घाई केली’ असं वाटेल आणि त्याच रात्री ‘उगाच इतके दिवस ताटकळत ठेवला’ असंही वाटेल. दोन्ही एकदम खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही येतात. रात्री उठायचं नाही, चादरी धुवायच्या नाहीत, म्हणून सुटल्यासारखंही वाटतं आणि त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते. थकलेल्या माणसाला सुटल्यासारखं वाटणारच, त्यात प्रेम कमी पडलं असं काही नाही. यासाठीच ते गुणांचे कागद, दोन्ही रिपोर्ट आणि कालनिर्णयचं पान एका पाकिटात ठेवा. मन रात्री दोनला खटला भरतं तेव्हा आठवणीवर विसंबू नका, आठवण फक्त चांगले दिवस पुढे करते. पाकीट उघडून आकडे वाचा.

लहान मुलांना ‘झोपला’ किंवा ‘शेतावर पाठवला’ सांगू नका. मूल झोपायला घाबरतं किंवा वाट बघत बसतं. ‘तो फार आजारी होता, औषधाने बरं होणार नव्हतं, डॉक्टरांनी त्याचं दुखणं थांबवलं, तो मेला, परत येणार नाही’ एवढं सरळ. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला टायगरला हुंगू द्या; ते काही दिवस शोधत, कमी खात राहील, पण तीन दिवस अजिबात खाल्लं नाही तर तपासून घ्या. तुमची झोप, जेवण, काम तीन-चार आठवड्यांनीही रुळावर आलं नाही तर टेली-मानसच्या 14416 वर फोन करा. सरकारी, मोफत सेवा आहे, मराठीत बोलतात. ‘कुत्र्यासाठी कसला फोन’ असा संकोच धरू नका.

राहिली आई. त्या लग्नाला किंवा वाडीला गेल्या की उरकून टाकू, हा मोह टाळा. असं केलेलं घरात कायमचं सलतं. पापाच्या मुद्द्यावर तुम्ही वाद घालू नका. त्यांना घेऊन दवाखान्यात जा, टायगरच्या जिभेवरचे फोड डॉक्टरांना त्यांच्यासमोर दाखवायला सांगा, आणि डॉक्टरांना त्यांनी स्वतःच विचारू द्या: याला दुखतंय का, बरा होईल का, तसंच ठेवलं तर पुढचे आठ दिवस कसे जातील. गुणांच्या कागदांत त्यांचाही कागद हवा. त्या लिहीत नसतील तर तुम्ही विचारा आणि त्या सांगतील तोच आकडा लिहा, तुम्हाला पटला नाही तरी.