वाचकांचे प्रश्न : स्क्रीन रीडर आणि मराठी नोट्स

प्रश्न : माझी नववीतली मुलगी पूर्ण अंध आहे. लॅपटॉपवरचा एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर, मराठी बातम्या व्यवस्थित वाचतो. क्लासच्या पीडीएफ नोट्स उघडल्या की मात्र काहीबाही इंग्रजी बडबडतो, काही फायलींवर तर गप्पच बसतो. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

उत्तर : नाही, खोट फायलींत आहे. बडबड होते ती फाइल बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असणार. पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, आणि स्क्रीन रीडर वाचतो ते आतलं. कृतिदेवमधली ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून उजव्या बाणाने एकेक अक्षर ऐका. जिथे काना तिथे ‘के’ ऐकू येईल.

सरांकडून मूळ वर्ड फाइल मागून घ्या आणि फाँट कन्व्हर्टरने युनिकोड करा, म्हणजे आतही मराठी अक्षरंच साठवली जातील. कन्व्हर्टरमध्ये नेमका तोच फाँट निवडायला हवा, नाहीतर एक कचरा जाऊन दुसरा येतो. नंतर डोळस माणसाने पहिली वेलांटी आणि रफार तपासावा. जुन्या फाँटात वेलांटी अक्षराआधी टाइप होते, रफार नंतर. रूपांतरात हेच दोन हमखास चुकीच्या जागी पडतात. फाइल वर्डमध्येच ठेवा. युनिकोड मजकुराचीही पीडीएफ केली की जोडाक्षरं कधीकधी फुटतात.

गप्प बसणारी फाइल म्हणजे स्कॅन, नुसतं चित्र. गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्समध्ये उघडा, म्हणजे चित्रातला मजकूर अक्षरांत उतरतो. मोठी फाइल अर्धवट उतरते, म्हणून चार-पाच पानांचे तुकडे करा. घ-ध, भ-म यांची अदलाबदल आणि तक्त्यांची सरमिसळ हातानेच निस्तरावी लागते. गणिताची सूत्रं यातून धड येत नाहीत, ती सरळ नव्याने टाइप करा.

प्रश्न : एनव्हीडीएचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे. मुलगा कंटाळतो.

उत्तर : तो ईस्पीकचा, म्हणजे एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या बोलक्या प्रोग्रॅमचा आवाज. लांबलचक धडे अँड्रॉइड फोनवर ऐकू द्या. टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमधून गूगलचा मराठी आवाज उतरवता येतो, तो बराच माणसाळलेला आहे. लिहिणं आणि शुद्धलेखन मात्र लॅपटॉपवरच. इन्सर्ट, कंट्रोल, व्ही एकदम दाबून आवाजाची सेटिंग उघडा, तिथे वेग आधी कमी करा, कान बसला की वाढवत न्या. सराईत मंडळी पुष्कळदा ईस्पीकच पसंत करतात, कारण भरधाव वेगातही त्याचे उच्चार सुटे राहतात.