सरबताच्या ग्लासचे फोटो काढणारी लेक

पत्र अमळनेरहून एका वडिलांचं आहे. बसस्टँडजवळ त्यांचं सरबत-सोड्याचं दुकान. मुलगी बारावी सायन्सला. दुकान बंद झालं की ती ग्लासात खस, गुलाब, ऑरेंज ओतून मोबाइलनं फोटो काढत बसते. सहा ग्लास फुटले. आता म्हणते की हेच शिकायचं आणि त्यासाठी एक लाख वीस हजारांचा कॅमेरा-लाइटचा सेट हवा. आजी विचारतात, “हाई काय कामधंदा शे का?” वडील विचारतात, कर्ज काढू का?

नमस्कार भाऊ,

आजींना आधी सांगा, हा कामधंदा आहे. बाटलीवरचं लेबल, हॉटेलचं मेन्यूकार्ड, ऑनलाइन विकायला ठेवलेलं सरबत, या सगळ्याचे फोटो कुणीतरी पैसे घेऊन काढतं. पण कर्ज काढू नका. लेकीवर माझा भरवसा आहे. मात्र या कामातला अवघड भाग त्या सेटसोबत मिळत नाही.

तुम्ही पाठवलेले तिन्ही फोटो मी नीट पाहिले. प्रत्येक ग्लासवर ट्यूबलाइटची पांढरी रेघ आहे आणि गुलाबाचं सरबत काला खट्टासारखं काळपट दिसतंय. महागडा कॅमेरा आणला तरी हे दोन्ही दोष तसेच राहतील, कारण काच आपल्या आजूबाजूचं सगळं अंगावर घेते. ट्यूब असेल तर ट्यूब दिसते, पांढरा शर्ट घातलेला माणूस समोर असेल तर तोही दिसतो. म्हणून काचेचा फोटो काढणारा ग्लासवर उजेड पाडत बसत नाही, ग्लासभोवती काय असावं ते ठरवतो.

तिला हे रविवारी सकाळी करून पाहू द्या. खिडकीला बटर पेपर लावायचा, खोलीतले दिवे बंद करायचे, ग्लास खिडकीपासून दोनेक फूट पुढे ठेवायचा आणि फोटोची चौकट उजळलेल्या कागदानं जेमतेम भरेल असा मोबाइल धरायचा. ग्लासच्या कडा आपोआप काळ्या, रेखीव उमटतील. मग त्याच कागदाच्या मधोमध, कागदाहून बराच लहान, काळा पुठ्ठा चिकटवायचा आणि चौकटीत फक्त पुठ्ठाच येईल इतका मोबाइल जवळ न्यायचा. आता पार्श्वभूमी काळी होईल आणि त्याच कडा पांढऱ्या रेषेसारख्या चमकतील. असं का होतं ते तिला विचारा. दहावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकली आहे ती. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड किती वाकतो त्याचं माप, साधारण १.५, पाण्याचा १.३३. कडेजवळ उजेड इतका वाकतो की ती कड समोरचं सोडून बाजूचं दाखवते; पहिल्या वेळी बाजूला अंधार होता, दुसऱ्या वेळी उजेड. स्टुडिओत खिडकीच्या जागी सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी येते, बाकी सगळं हेच.

सरबताच्या रंगाचं तसंच आहे. रंग खुलतो तो आरपार येणाऱ्या उजेडानं. समोरून दिवा टाकला की गुलाब काळवंडतो. ग्लासच्या आकाराहून थोडा लहान चंदेरी कागद कापून ग्लासमागे तिरपा, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा ठेवला आणि बाजूच्या दिव्याचा उजेड त्यावर पाडला, तर तोच गुलाब माणकासारखा पेटतो. सरबत गाळून घ्यायचं आणि प्यायला करतो त्याहून पातळ ठेवायचं.

आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा ग्लासातला बर्फ फोटोपर्यंत टिकत नाही. या कामात ॲक्रिलिकचा बर्फ वापरतात आणि ग्लासबाहेरच्या थेंबांसाठी ग्लिसरीन-पाणी निम्मं निम्मं करून फवारतात. ते थेंब लवकर सुकत नाहीत. असे ग्लास वेगळे ठेवा, गिऱ्हाइकाच्या हाती जायला नकोत.

फ्लॅश लागेल तो पुढे, सरबत ओतताना उडालेला थेंब पकडायचा असेल तेव्हा. त्यासाठी एक साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश पुरतो. त्याची ताकद कमी केली की झोत आणखी कमी वेळ टिकतो आणि थेंब जागीच गोठल्यासारखा दिसतो.

तिला एकदा चाळीसगावला घेऊन जा. छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांनी तिथल्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडत, टेबलावर वस्तू मांडून जी छायाचित्रं केली ती त्यांच्या त्या घरातच बघायला मिळतात. उजेड आणि सावलीवर एक माणूस घरबसल्या किती मेहनत घेऊ शकतो, हे तिनं खानदेशातच पाहावं असं मला फार वाटतं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. बारावी अर्धवट सोडू देऊ नका, फिजिक्स तर मुळीच नको. त्यानंतर उपयोजित कलेचा, म्हणजे जाहिरात-पॅकिंगसारख्या कामांसाठीच्या कलेचा, चार वर्षांचा बी.एफ.ए. हा पदवी अभ्यासक्रम हा एक रस्ता, मुंबईचं जे. जे. हे त्यातलं जुनं नाव. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी एमएच-एएसी सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा असते आणि तिच्यात चित्रकलेची प्रात्यक्षिकं असतात, तेव्हा वस्तुचित्राचा सराव आत्तापासून हवा. दुसरा रस्ता म्हणजे जळगाव-धुळ्याकडे पदवी करत काम शिकायचं आणि नंतर गांधीनगरच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) फोटोग्राफी डिझाइनसाठी प्रयत्न करायचा. तिचा हात चित्रात चालत असेल तर मी पहिला सुचवेन.

कमाईबद्दल खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत सहायक म्हणून ग्लास पुसण्यात आणि स्टँड उचलण्यात जातात. महिना ठरावीक येत नाही. मात्र काचेला जो उजेड लागतो, तसाच विचार दागिन्यालाही लागतो, कारण सोनंही आजूबाजूचं सगळं दाखवतं. जळगावचा सराफ बाजार तुमच्यापासून फार लांब नाही, हे लक्षात असू द्या.

सध्या दोन हजारांच्या आत खर्च करा: बटर पेपर, काळे-पांढरे पुठ्ठे, एक एलईडी दिवा, मोबाइलचा स्टँड, मऊ सुती हातमोजे म्हणजे बोटांचे ठसे उमटणार नाहीत, आणि फुटले तरी चालतील असे अर्धा डझन ग्लास. तीन महिन्यांनी तिला स्वतःला मला लिहू द्या. सोबत एकाच ग्लासातल्या खसचे दोन फोटो पाठवू दे, एक पांढऱ्यावर, एक काळ्यावर. दिवा कुठे होता, पुठ्ठा कुठे होता, याचं पेन्सिलनं काढलेलं चित्रही हवं.