जेली मुरवलेला रंगीत केक घरी कसा करायचा?

साधा पांढरा व्हॅनिला केक करून डब्यातच गार होऊ द्या. काट्याने अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं पाडा. लाल आणि हिरवी जेली वेगवेगळी, प्रत्येकी एक कप उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवा आणि चमच्याने भोकांत सोडा. फ्रीजमध्ये ३-४ तास ठेवा, वर फेटलेलं क्रीम लावा. झालं.

खरी गोम जेलीत आहे. जेली घट्ट करणारं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, आणि आमच्या सांगलीत पाहुण्यांचा पहिला प्रश्न "शाकाहारी आहे ना?" हाच! पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. अगर-अगर (समुद्री शेवाळापासून बनणारा, जिलेटिनचा शाकाहारी पर्याय) वापरणार असाल तर गरम असतानाच ओता. ते इथल्या उन्हाळ्यातही ओट्यावरच घट्ट होतं, केकमध्ये मुरायला थांबत नाही.