शोधलेला शब्द रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या पॅटर्नने) हायलाइट केला की पान मोडतं, असं का होतं?

तुम्ही युजरचा मजकूर आधी एस्केप करता, म्हणजे एचटीएमएलमध्ये खास अर्थ असलेली चिन्हं संकेतांत बदलता, आणि मग त्या एचटीएमएलवर रिप्लेस चालवता. गडबड तिथेच आहे. एस्केप झाल्यावर < या चिन्हाचं ‘&एलटी;’ होतं; कुणी ‘एलटी’ ही अक्षरं शोधली की रेजेक्स त्याच्याच पोटात टॅग घुसवतो. उलट, एस्केप गाळलंत तर कुणी लिहिलेली स्क्रिप्ट वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल.

रेजेक्सला एचटीएमएल दाखवूच नका. मूळ मजकुरावर मॅचऑल (सगळ्या जुळण्या देणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) चालवा, प्रत्येक जुळणीची सुरुवात आणि लांबी घेऊन मजकुराचे तुकडे पाडा, तुकडे वेगवेगळे एस्केप करा आणि जुळलेल्यांनाच मार्क (हायलाइट करणारा) टॅग लावा. ब्राउझरमध्येच करत असाल तर सरळ टेक्स्ट नोड (ब्राउझर निव्वळ मजकूर मानतो असा पानाचा भाग) बनवा, एस्केपची कटकटच नको. शून्य लांबीच्या जुळण्या वगळा. शब्द अनेक असतील तर | (म्हणजे ‘किंवा’) ने जोडून एकच पॅटर्न करा, पण लांब शब्द आधी: ‘घर|घरटं’ लिहिलंत तर ‘घरटं’मधलं ‘घर’च रंगेल.

मराठी मजकुरात आणखी एक त्रास आहे. ‘कर’ शोधलं की ‘करी’ही सापडतं, आणि टॅग नेमका र आणि वेलांटीच्या मधे पडतो. मग वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसू शकते. शब्दाची सीमा ओळखणारं बॅकस्लॅश-बी इथे कामाचं नाही, जावास्क्रिप्टमध्ये त्याला आस्कीपलीकडची (साध्या इंग्रजीबाहेरची) अक्षरं कळत नाहीत. जुळणीच्या लगेच पुढे युनिकोडच्या ‘मार्क’ वर्गातलं चिन्ह आलं तर ती जुळणी सोडून द्या. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं त्यात येतं.

पॅटर्नही युजरच टाइप करतो का? साधा शब्दच शोधायचा असेल तर त्यातली ठिपका, तारा, कंस ही चिन्हं एस्केप करा, म्हणजे रेजेक्स त्यांना साधी अक्षरं मानेल. जावास्क्रिप्टच्या २०२५च्या आवृत्तीत त्यासाठी तयार फंक्शन आलं आहे. पूर्ण रेजेक्स लिहू देणार असाल तर मात्र ‘(अ+)+$’ सारखा पॅटर्न आणि शेवटी ‘ब’ असलेली ‘अ’ची लांबलचक रांग एवढ्यावर प्रोसेसर अडकतो. पॅटर्न तुमचा स्वतःचा असला तरी निर्धास्त राहू नका. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद होतं. कारण त्यांचाच, कडेच्या मोकळ्या जागा छाटणारा रेजेक्स. बाहेरून आला होता तो फक्त सुमारे २० हजार स्पेस असलेला मजकूर.

म्हणून सर्व्हरवर आरई२ हे रेजेक्स इंजिन वापरा, त्याला लागणारा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. त्यात लुकअहेड (पुढचं अक्षर पॅटर्नमध्येच तपासण्याची सोय) नाही, तेव्हा वेलांटीची ती तपासणी जुळणी मिळाल्यावर कोडमध्येच करा. ब्राउझरमध्ये वेब वर्कर (पानापासून वेगळा, मागे चालणारा कोड) घ्या आणि ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही तर तो बंद करा.