इटलीत भाड्याची गाडी, झेडटीएलचा दंड आणि तुमचा दिवाळीतला बेत

तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला घेतलं. तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरचा शेवटचा आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा तुम्ही दोघं दक्षिण इटलीत नेपल्स, सालेर्नो, अमाल्फी, पेस्टम असं फिरणार आहात, गाडी भाड्याने घेताय, आणि गाडीवाल्या कंपनीने झेडटीएलबद्दल मेलवर कळवलंय की ‘आमच्या सगळ्या गाड्यांची नोंद आहे, तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही’. नेमकं हेच आम्हाला विमानतळावरच्या काउंटरवर तोंडी सांगितलं होतं. त्यामुळे बाकीच्यांनी दिलेली हॉटेलांची यादी राहू दे, आधी हे वाचा.

झेडटीएल म्हणजे गावाच्या जुन्या भागातला ‘मर्यादित वाहतूक’ पट्टा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पांढऱ्या गोलाला लाल कडा, खाली वेळांची पाटी, आणि खांबावर कॅमेरा. काही ठिकाणी वर इलेक्ट्रॉनिक फलकही असतो. त्यावर ‘व्हार्को अत्तीव्हो’ (शब्दशः ‘प्रवेशद्वार चालू’) असं दिसलं तर कॅमेरा चालू आहे, आत जायचं नाही. ‘नॉन अत्तीव्हो’ असेल तरच जायचं. घाईत वाचणाऱ्याला हे उलटं वाटतं. मोबाइलवरच्या नकाशावर याबाबतीत अजिबात विसंबू नका, तो जवळचा रस्ता म्हणून सरळ आत घालतो. परवानगीशिवाय वेगवेगळ्या दिवशी आत गेलात तर दंडही वेगळे लागतात.

आता आमचं काय झालं ते सांगते. सालेर्नोच्या जुन्या भागात आमचं राहायचं ठिकाण होतं. तिथल्या बाईंनी बुकिंग झाल्याबरोबर कळवलं होतं की गाडीचा नंबर पाठवा, मी पालिकेकडे नोंद करते, मग सामान उतरवण्यापुरती गाडी आत आणता येईल. गाडी ताब्यात घेतली आणि करारावरचा नंबर त्यांना पाठवला. त्यांचं ‘नोंद झाली’ असं उत्तरही आलं. पण पार्किंगमधून निघण्याआधीच टायरचा दिवा लागला. काउंटरवरच्या माणसाने दुसऱ्या गाडीची किल्ली हातात ठेवली. करार तोच, त्यावर नंबर पहिल्या गाडीचा. नवऱ्याने तिथेच विचारलं, कागद बदलून द्या, हॉटेलला हा नंबर गेलाय. उत्तर मिळालं, सिस्टिममध्ये आपोआप बदलतं आणि आमच्या सगळ्या गाड्यांची नोंद आहे. मागे रांग लागलेली होती.

त्यानंतर त्या दुसऱ्या गाडीनेच आम्ही जुन्या भागात गेलो, आणि सहल उत्तम झाली. घरी आल्यावर काही महिन्यांनी क्रेडिट कार्डातून त्या कंपनीने दोनदा पैसे वळते केले. इथे फार जणांचा गैरसमज होतो, म्हणून स्पष्ट लिहिते: ही रक्कम म्हणजे दंड नव्हे. पोलिसांनी गाडीच्या मालकाला विचारलं की त्या वेळी गाडी कोणाकडे होती, आणि कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवला, त्या कामाची ही फी. साधारण 40-50 युरो, प्रत्येक नोटिशीला वेगळी. खरा दंड पालिकेकडून रजिस्टर्ड पोस्टाने नंतर घरी येतो. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला कायद्याने 360 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे सहा महिने काही आलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

आम्हाला हवा होता फक्त एक कागद. अमुक दिवशी, अमुक वाजता या ग्राहकाला पहिल्या गाडीऐवजी दुसरी गाडी दिली, एवढंच त्यावर लिहायचं होतं. हॉटेलच्या बाई म्हणत होत्या, तेवढं मिळालं तर मी स्वतः पालिकेशी बोलते, नोंद तर मी वेळेत केलीच होती. कंपनीच्या भारतातल्या नंबरवर फोन केला, त्यांनी इटलीकडे बोट दाखवलं. इटलीच्या पत्त्यावर लिहिलं, तर ठरीव मजकूर परत: दंडाबाबत संबंधित पालिकेशी संपर्क साधावा. आम्ही दंडाबद्दल विचारतच नव्हतो! शेवटी तर ‘आमच्या नोंदीनुसार करार बरोबर आहे’ असं उत्तर आलं, म्हणजे जो कागद चुकीचा म्हणून आम्ही ओरडत होतो तोच पुरावा म्हणून आमच्यासमोर धरला. आजही आठवलं की संताप होतो. पैशांपेक्षा जास्त त्रास या गोष्टीचा झाला की एका ओळीचं पत्र द्यायला कोणी तयार नव्हतं.

अपील करता येतं. प्रीफेक्टकडे (प्रांतातल्या सरकारी प्रतिनिधीकडे) 60 दिवसांत, त्याला फी नाही. पण ते फेटाळलं गेलं तर किमान दंडाच्या निदान दुप्पट रक्कम भरावी लागते, आणि एकदा दंड भरला की अपिलाचा हक्क संपतो. कंपनीच्या कागदाविना अपील लढवण्यात अर्थ नव्हता. आम्ही भरून टाकला. झेडटीएलचा किमान दंड 83 युरो, पाच दिवसांत भरला तर 30 टक्के सूट, म्हणजे 58 युरो आणि काही सेंट. त्यावर पोस्टाचा खर्च वेगळा. भरताना शक्य असेल तर पागो-पीए या त्यांच्या सरकारी पेमेंट व्यवस्थेतून कार्डाने भरा. बँकेतून पाठवलात तर वाटेतल्या बँका आपापलं शुल्क कापतात, पालिकेकडे रक्कम कमी पोचते आणि दंड अपुरा भरला असं धरलं जातं. बँकेतूनच पाठवायचे असतील तर सगळे चार्जेस आपल्याकडे घ्यायला सांगा.

मी वकील नाही, आणि प्रत्येक पालिकेचे नियम वेगळे असतात. पण एवढं नक्की करा. गाडीपाशी गेल्यावर नंबरप्लेटचा फोटो काढा आणि करारावरच्या नंबराशी ताडून बघा. तोच फोटो पार्किंगमधूनच हॉटेलला पाठवा आणि ‘नोंद केली’ हे लेखी मागा. गाडी बदलली तर नवा करार हातात पडल्याशिवाय किल्ली घेऊ नका, मागे कितीही मोठी रांग असो. आणि तुम्हाला आलेला तो मेल जपून ठेवा. त्या वाक्यावर विसंबायला नाही, भांडायची वेळ आली तर दाखवायला. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढून घ्या हे वेगळं सांगत नाही. काउंटरवर विचारला नाही तरी रस्त्यात पोलीस विचारतात.

आता माझं मत विचाराल तर, तुमच्या बेतात गाडी लागतच नाही. सालेर्नोत मुक्काम करा. स्टेशन गावातच, बंदर चालत जाण्यासारखं, आणि सोरेंतो-पोझितानोच्या मानाने राहणं बरंच स्वस्त. पेस्टमला तिथून थेट लोकल गाडी आहे. उतरलात की समोरच्या रस्त्याने प्राचीन तटाच्या पोर्ता सिरेना या दरवाजातून सरळ चालत जायचं, दहा-पंधरा मिनिटांत देवळं दिसतात. इ.स.पू. सहाव्या आणि पाचव्या शतकातली तीन ग्रीक देवळं एका मैदानात इतकी शाबूत उभी आहेत की नेपल्सची सगळी गर्दी विसरायला होते. तिथलं संग्रहालय सोडू नका. ‘पाणबुड्याचं थडगं’ म्हणून 1968 साली सापडलेल्या थडग्याच्या झाकणावर आतल्या बाजूने एक माणूस पाण्यात सूर मारताना रंगवलाय. अगदी मोजक्या रेषा, दोन किरकोळ झाडं, आणि मध्ये तो हवेत. मी तिथून हललेच नाही. नवरा तेवढ्यात म्हशीच्या दुधाचं मोझ्झारेल्ला शोधायला बाहेर गेला, आणि तेही चुकीचं नव्हतं, तो भाग त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

अमाल्फीला बोटीने जायचं लिहिलंय. ऑक्टोबरअखेर ठीक, पण नोव्हेंबर लागला की बोटी बंद होत जातात, आणि समुद्र खवळलेला असेल तर त्याआधीही सुटत नाहीत. त्यामुळे पोझितानो-अमाल्फी सहलीच्या पहिल्या आठवड्यात घ्या आणि पेस्टम मागे ढकला. बोट नाही मिळाली तर सिता या कंपनीची बस आहे. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं, परतीचंही तेव्हाच. सालेर्नोहून जाताना डाव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे. वळणांनी मळमळत असेल तर गोळी घेऊन निघा. त्या भागात नोव्हेंबरात पाऊस भरपूर पडतो, छत्रीपेक्षा रेनकोट बरा.

पॉम्पेई ‘दुपारी तीननंतर, ऊन उतरल्यावर’ असं तुम्ही लिहिलंय. ते आपल्याकडे ठीक आहे. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. 1 नोव्हेंबरपासून पॉम्पेई पाच वाजता बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला. सकाळी नऊला दारात उभे राहा. तिकिटावर आता नाव असतं आणि दिवसाला 20,000 माणसांचीच मर्यादा आहे, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. 1 नोव्हेंबरला त्यांची सार्वजनिक सुट्टी, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत. दोन्ही दिवस टाळा.

तुम्ही शरद ऋतूत जाताय हे एका अर्थी फार योग्य आहे. पॉम्पेई गाडून टाकणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ.स. 79 च्या ऑगस्टात झाला असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. 2018 साली तिथल्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ सापडली, तिच्यावर 17 ऑक्टोबरची तारीख आहे. त्यामुळे आता उद्रेक ऑक्टोबरच्या शेवटी झाला असं बरेच अभ्यासक मानतात.

तुम्ही शाकाहारी आहात म्हणून एक सांगते. चेतारा गावचं ‘कोलातूरा’ हे माशाचं खारं पाणी त्या किनाऱ्यावर साध्या दिसणाऱ्या स्पॅगेटीतही घालतात, त्यात मासा कुठे दिसत नाही. ऑर्डर देताना विचारा. वांग्याची पार्मिजाना (वांगी, टोमॅटो आणि चीजचे थर) पोटभर होते, पण त्यातलं पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) लावलेलं असतं, चालत नसेल तर चीज नसलेला मारिनारा पिझ्झा मागा.

शेवटचं, नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय. पॉम्पेईतली उत्तम भित्तिचित्रं आणि मोझेक तिथे आहेत, आणि त्यांच्यासोबत 1938 साली पॉम्पेईच्या एका घरात सापडलेली, वीतभराहून थोडी मोठी हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आहे. तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. आपल्या तेर आणि भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवलंय. दागिने आणि केसांची ठेवण जवळून बघा, आणि धाराशिवकडे कधी गेलात तर तेरच्या संग्रहालयातली मूर्तीही बघा. पॉम्पेईची लक्ष्मी ‘गुप्त दालना’त असते आणि ते कधीकधी बंद ठेवतात, म्हणून तिकिटाच्या खिडकीवर आधी विचारा. तुमच्या बेतात हे संग्रहालय मंगळवारी आहे. मंगळवारी ते बंद असतं. मंगळवारी पॉम्पेई करा आणि संग्रहालय बुधवारी ठेवा.